दयेची घाई : लंडन, सप्टेंबर १९३९

मागच्या व्याख्यानानंतर सभागृह रिकामं झालं तरी एक बाई थांबल्या होत्या. त्यांच्याकडे चौदा वर्षांचा कुत्रा आहे. रात्री दोन वाजता त्याला झटके येऊ लागले, जवळचा दवाखाना बंद, आणि कुत्रा बघून दोन रिक्षावाले निघून गेले. सकाळ होईपर्यंत त्या त्याचं डोकं मांडीवर घेऊन जिन्यात बसून होत्या. कुत्रा वाचला. पण त्यानंतर बाईंना झोप लागत नाही. त्यांनी आम्हाला दोन प्रश्न विचारले. पहिला व्यवहाराचा : अशा वेळेची तयारी आधीपासून काय करून ठेवावी? दुसरा त्यांनी जरा आवाज खाली आणून विचारला : पुढं त्याचे हाल होणारच असतील, तर तो धड आहे तोवर, आत्ताच, इंजेक्शन देऊन मोकळं करणं चूक आहे का?

पहिल्याचं उत्तर आम्ही उभ्या उभ्या दिलं. दोन डॉक्टरांचे नंबर भिंतीवर, त्यातला एक रात्री उघडणारा. औषधांचे कागद एका पिशवीत. टोपली किंवा जुनी चादर दाराशी. आणि एखाद्या गाडीवाल्याशी आधीच बोलून ठेवलेलं, म्हणजे त्या वेळी कुणाचे पाय धरायला नकोत. दुसऱ्याचं उत्तर उभ्या उभ्या देता येण्यासारखं नव्हतं. म्हणून जाहीर केलेला विषय बाजूला ठेवून आज हे बोलतो आहोत. आयोजकांनी रागावू नये.

बाईंचा प्रश्न नवा नाही. एका अख्ख्या शहराला तो एकदा पडला होता, आणि त्या शहरानं चार दिवसांत त्याचं उत्तर देऊनही टाकलं. ते शहर लंडन, आणि ते दिवस सप्टेंबर १९३९ चे.

आधी त्या शहराच्या मनात काय होतं ते बघू. १९३२ मध्ये स्टॅन्ली बाल्डविन यांनी पार्लमेंटात सांगून टाकलं होतं की बाँबफेकी विमानांना पूर्णपणे अडवता येईल असा उपाय पृथ्वीवर नाही, ती आत शिरणारच. १९३७ च्या एप्रिलमध्ये स्पेनमधलं गेर्निका हे गाव एका दुपारी जळालं आणि त्याची वर्णनं इंग्रजी वर्तमानपत्रांत आली. त्याच वर्षी सरकारी तज्ज्ञांनी हिशेब मांडला : युद्ध सुरू झालं तर पहिल्या साठ दिवसांत सहा लाख माणसं मरतील, बारा लाख जखमी होतील. १९३८ च्या म्युनिक संकटात कोट्यवधी विषारी-वायू मुखवटे वाटले गेले. पुठ्ठ्याच्या शवपेट्यांची तजवीज झाली. हे आकडे जरा ध्यानात ठेवा, कारण पुढची सगळी गणितं त्यांच्यावरच उभी आहेत. आणि ते आकडे अंदाजाचे होते. अंदाज करणारी माणसं हुशार होती, प्रामाणिकही होती.

आता जनावरांकडे येऊ. युद्धाच्या तयारीत घरातल्या कुत्र्यामांजरांचा सरकारी पातळीवर विचार व्हावा, ही गोष्टच मुळात नवी होती. हवाई हल्ल्यापासून संरक्षणाच्या ज्या पुस्तिका इंग्लंडच्या गृहखात्यानं काढल्या, त्यांतली बारावी निव्वळ जनावरांसाठी होती. ऑगस्ट १९३९ मध्ये याच खात्याच्या छायेखाली एक राष्ट्रीय समिती उभी राहिली. तिच्या लांबलचक इंग्रजी नावाचं लघुरूप ‘नारपॅक’. पशुवैद्यांची संघटना आणि प्राणिदयेचं काम करणाऱ्या मोठ्या संस्था तिच्यात होत्या. एरवी या संस्थांचं एकमेकींशी पटत नसे. दयेच्या क्षेत्रातही भाऊबंदकी असते, हे आपल्याकडे कुणाला वेगळं सांगायला नको.

सरकारनं हे सगळं कणवेपोटी केलं असं समजू नका. त्याची चिंता वेगळी होती. बाँब पडल्यावर बिथरलेली कुत्री रस्त्यावर सुटली तर? विषारी वायूनं माखलेलं जनावर माणसात शिरलं तर? जखमी घोडा रुग्णवाहिकेच्या वाटेत पडला तर? शेतातली गुरं ही देशाच्या अन्नाची बाब होती, गाडीचे घोडे कामाची बाब. कुत्री आणि मांजरं कशाची बाब होती? कुठल्याच रकान्यात ती नीट बसत नव्हती.

तरीही या समितीचं मूळ काम चांगलं होतं, हे न्यायानं सांगितलं पाहिजे. जनावरांच्या प्रथमोपचाराची ठाणी, गल्लोगल्ली स्वयंसेवक, आणि प्रत्येक प्राण्याच्या गळ्यात क्रमांकाचा बिल्ला, म्हणजे हरवलेलं किंवा जखमी सापडलेलं जनावर मालकाकडे परत जावं. नोंदवही, बिल्ला, ठाणं. आम्ही बाईंना जे सांगितलं त्याचंच हे मोठं रूप.

पण हे सगळं उभं राहायला महिने लागणार होते. पत्रक मात्र ताबडतोब निघालं. जनावरांच्या मालकांना सल्ला देणारं एक साधं पत्रक. त्याचा आशय असा : जमल्यास आपले पाळीव प्राणी वेळेआधीच खेड्यात पाठवा. ते जमत नसेल आणि शेजाऱ्यापाजाऱ्यांकडेही सोय होत नसेल, तर त्यांना मरण देणं हीच खरी दया. त्याच पत्रकात एक जाहिरातही होती. कत्तलखान्यात वापरतात तसल्या पिस्तुलाची, ज्यातून गोळी सुटत नाही, लोखंडी दांडा जनावराच्या कपाळात शिरतो.

मंडळी, आम्ही आयुष्यभर वाक्यांची चिरफाड करण्याचा पगार घेतला. त्या सवयीनं हा सल्ला पुन्हा वाचून बघा. वाक्य ‘जमल्यास’नं सुरू होतं. खेड्यात कुणाला पाठवता येतं? ज्याचं खेड्यात घर आहे, किंवा नातलग आहेत, त्याला. पूर्व लंडनच्या गोदीतल्या हमालाचं खेडं कुठून येणार? त्याच्यासाठी पहिला भाग नव्हताच, त्याला थेट शेवटचा लागू होता. आणि शेवटच्या भागात ‘मारा’ अशी आज्ञाही नाही. ‘दया’ असा शब्द आहे. आज्ञा मोडता येते हो. आपल्या लाडक्या जिवाशी दयेनं वागू नको, असं मनाला कसं सांगणार?

शुक्रवार, १ सप्टेंबर. जर्मनीनं पोलंडवर हल्ला केला. इंग्लंडात ब्लॅकआउट सुरू झालं, आणि त्याच दिवशी शहरांतून मुलांना बाहेर गावी हलवायला प्रारंभ झाला. तीन दिवसांत साधारण पंधरा लाख जण हलले, बहुतेक मुलं आणि त्यांच्या आया. गळ्यात नावाची चिठ्ठी, खांद्याला मुखवट्याची पेटी. प्राणी बरोबर न्यायला परवानगी नव्हती. रविवारी, ३ तारखेला सकाळी सव्वाअकरा वाजता पंतप्रधान चेंबरलेन यांनी रेडिओवर युद्ध सुरू झाल्याचं सांगितलं. त्यानंतर थोड्याच वेळात लंडनवर भोंगे वाजले. तो इशारा खोटा होता, पण हे कळेपर्यंत लोक तळघरांत जाऊन बसले होते. सार्वजनिक निवाऱ्यांत जनावरांना मज्जाव. म्हणजे कुत्र्याला घरी बांधून आपण खाली जायचं, किंवा त्याच्यासह वरच थांबायचं. त्याच दिवशी लंडनच्या प्राणिसंग्रहालयातले विषारी साप मारले गेले. पेटी फुटून बाहेर आले तर, ही भीती. पांडा आणि हत्ती मात्र आधीच गावाबाहेरच्या व्हिप्सनेडला सुखरूप पोचले होते.

आणि मग दवाखान्यांपुढे रांगा लागल्या. रांगेतल्या जनावरांना काही झालेलं नव्हतं. धडधाकट कुत्री, टोपल्यांतली मांजरं. मालक शांतपणे उभे. आपल्याकडे रेशनच्या दुकानापुढे उभे राहतात तसे. क्लोरोफॉर्मचा साठा संपत आला. जनावरं बरी करण्यासाठी काढलेल्या संस्थांचे कर्मचारी रात्रंदिवस त्यांना मारण्याचं काम करत होते. त्यांतले कित्येक जण लोकांना विनवत होते की थांबा, अजून काही झालेलं नाही, घरी घेऊन जा. बहुतेक लोक ऐकत नव्हते.

मेलेल्यांचं करायचं काय, हाही प्रश्न होता. पी.डी.एस.ए. नावाची संस्था आहे. मारिया डिकिन या बाईंनी १९१७ मध्ये पूर्व लंडनच्या व्हाइटचॅपल भागात एका तळघरात तिचा पहिला दवाखाना काढला होता. ज्यांच्या खिशात पैसे नाहीत त्यांची जनावरं फुकट तपासायची, हा तिचा हेतू. या संस्थेची लंडनच्या पूर्वेला इलफर्ड इथं मोठी जागा होती. तिनं तिथलं कुरण दफनासाठी दिलं.

आकडा किती? लंडनमध्ये पहिल्या चारच दिवसांत सुमारे चार लाख कुत्री-मांजरं मारली गेली, असं त्या काळच्या संस्थांच्या नोंदींवरून धरलं जातं. लंडन परिसरातल्या कुत्र्यामांजरांपैकी साधारण चौथा हिस्सा. साऱ्या देशाचा म्हणून याहून बराच मोठा आकडाही सांगितला जातो, पण आम्ही चार लाखांवरच थांबतो. ब्रिटनमध्ये संपूर्ण युद्धात, सहा वर्षांत, बाँबहल्ल्यांत मेलेले नागरिक सुमारे साठ हजार. म्हणजे लंडनमध्ये चार दिवसांत शत्रूचा एकही बाँब पडलेला नसताना त्याच्या सहापटीहून अधिक जीव गेले, आणि ते त्यांच्यावर माया करणाऱ्यांच्या हातून.

इतिहासकार हिल्डा कीन यांनी या घटनेवर २०१७ मध्ये एक पुस्तक लिहिलं. त्यातला त्यांचा एक मुद्दा आम्हाला फार महत्त्वाचा वाटतो. आपण अशा गोष्टीला चटकन ‘घबराट’ म्हणून मोकळे होतो. त्या दिवसांच्या रोजनिशा आणि पत्रं चाळली तर घबराट फारशी दिसत नाही. काळे पडदे लावले, मुलांना गाडीत बसवून दिलं, मांजर नेऊन दिलं. एका यादीतली कामं. एक झालं की त्यावर खूण करायची आणि पुढचं घ्यायचं. सरकारनं सक्ती केली नव्हती. अमुक तारखेपर्यंत प्राणी मारा असा हुकूम कधीच निघाला नाही. नारपॅक आणि इतर संस्थांनी पुढं उलट सांगायला सुरुवात केली, की असं करू नका. पण तोवर घराघरांत, एकेका कुटुंबानं आपापला निर्णय घेऊन टाकलेला होता.

सगळ्यांनी नाही. हे ठासून सांगायला हवं. चौथा हिस्सा गेला, याचा अर्थ तीन हिस्से उरले. तेच भोंगे, तेच पत्रक, तोच अंधार, आणि तरी बहुसंख्य घरांनी आपलं कुत्रं ठेवलं. बॅटरसीच्या प्रसिद्ध श्वानगृहानं लोकांना घाई करू नका असं बजावलं, आणि मोजक्या माणसांच्या बळावर युद्धकाळात लाखाच्या वर कुत्री सांभाळली. नीना, डचेस ऑफ हॅमिल्टन, या जहागीरदारीणबाईंनी विल्टशरमधल्या फर्न या आपल्या इस्टेटीवर लंडनची शेकडो जनावरं आणून ठेवली. त्यांच्याकडे इस्टेट होती, हे खरंच. पण इस्टेटी पुष्कळांकडे होत्या. आणि आम्हाला जास्त कौतुक वाटतं ते नाव नसलेल्या माणसांचं, जी दोन खोल्यांच्या घरात, जेवणाच्या टेबलाखाली कुत्र्याला कुशीत घेऊन बसली.

पुढं काय झालं? आठवडे गेले, महिने गेले, बाँब पडेनात. इंग्रजांनीच या काळाला ‘लुटुपुटीचं युद्ध’ अशा अर्थाचं नाव दिलं. लंडनवरचे मोठे हल्ले सुरू झाले ७ सप्टेंबर १९४० ला. बरोबर एक वर्षानं. विषारी वायू तर शेवटपर्यंत आलाच नाही. ज्या भयासाठी क्लोरोफॉर्म वापरला त्यातलं एक कधीच घडलं नाही, दुसरं घडलं ते वर्षभरानं आणि अंदाजाहून कितीतरी कमी. बिथरलेल्या कुत्र्यांच्या टोळ्याही रस्त्यावर धावल्या नाहीत.

उलट जे घडलं ते बघा. पी.डी.एस.ए.ची बचावपथकं हल्ल्यानंतर ढिगारे उपसत अडकलेली जनावरं बाहेर काढू लागली. अशा एका पथकाचे प्रमुख बिल बार्नेट. त्यांची ब्यूटी नावाची टेरियर जातीची कुत्री सोबतीला म्हणून बरोबर असायची. १९४० मध्ये एके ठिकाणी ती आपणहून उकरायला लागली. उकरलं तर टेबलाखाली जिवंत मांजर. पुढं तिनं त्रेसष्ट जनावरं शोधून दिली. पॉप्लर भागात एका हल्ल्यानंतर एक बेवारशी कुत्रा रखवालीच्या स्वयंसेवकांना सापडला, त्यांनी शिळंपाकं खायला घातलं, त्याला रिप हे नाव पडलं. कुठलंही शिक्षण नसताना तो ढिगाऱ्याखालची माणसं हुडकू लागला, आणि त्याच्यामुळं शंभराहून अधिक जण सापडले. आपण मंडळी ‘बेवारशी’ हा शब्द किती सहज वापरतो! मांजरांचीही किंमत कळली. उंदरांपासून धान्य राखणाऱ्या गोदामातल्या मांजरांना सरकारनं दुधाची भुकटी मंजूर केली, रेशनच्या दिवसांत. १९३९ साली कुठल्याच रकान्यात न बसणारं जनावर आता एका रकान्यात बसलं होतं.

आता थोडं आमच्या धंद्याचं बोलू. जेरेमी बेंथम यांनी १७८९ मध्ये म्हटलं होतं की प्राण्यांना बुद्धी आहे का, वाचा आहे का हे विचारू नका, त्यांना वेदना होते का ते विचारा. प्राणिदयेची सगळी आधुनिक चळवळ या एका प्रश्नातून निघाली, आणि आम्ही तो दरवर्षी आदरानं शिकवला. पण लंडनच्या रांगेत उभ्या असलेल्या माणसानं नेमका हाच प्रश्न विचारला होता! याला वेदना होतील का? होतील. मग त्या टाळल्या पाहिजेत. कशा? वेदना सोसणाराच नाहीसा करून. वजाबाकी चोख आहे. सांडलं कुठं? आमच्या मते दोन ठिकाणी. एक म्हणजे, उद्याची वेदना ही आजच्या वेदनेसारखी धरली. आज कुत्रा शेपूट हलवत होता, त्याचं शेपूट हलवणं हिशेबात कुठंच आलं नाही. आणि दुसरं म्हणजे, ती वेदना कुणाची होती? कुत्र्याला सहा लाखांचा आकडा ठाऊक नव्हता. भीती मालकाची होती. तिची मात्रा कुत्र्याला दिली गेली.

याच्या शेजारी आपल्याकडचं एक उदाहरण ठेवून बघा. १९२८ मध्ये साबरमतीच्या आश्रमात एक वासरू असाध्य दुखण्यानं तळमळत होतं. डॉक्टरांनी हात टेकले होते. गांधीजींनी आश्रमातल्यांशी चर्चा केली, स्वतः वासराजवळ उभे राहिले आणि त्याला इंजेक्शन देववलं. केवढा गदारोळ झाला! अहिंसेच्या पुजाऱ्यानं वासरू मारलं म्हणून पत्रांचा पाऊस पडला. त्यांनी ‘नवजीवन’मधून सविस्तर उत्तर दिलं, चूक मान्य केली नाही. आमच्या काही मित्रांना लंडन आणि साबरमती या गोष्टी एकच वाटतात : दोन्हीकडे दयेपोटी मरण. आम्हाला त्या जवळजवळ उलट वाटतात. वासराचे हाल समोर होते. त्याच्यावर उपचार करून झाले होते. आणि निर्णय घेणारा माणूस स्वतःच्या भयातून सुटका शोधत नव्हता. उलट त्यानं स्वतःवर संकट ओढवून घेतलं. लंडनमध्ये हाल समोर नव्हते, उपचाराचा प्रश्नच उद्भवला नव्हता, आणि रांगेतून परतताना यादीतलं एक काम कमी झालेलं होतं.

हे सगळं तिकडचं, जुनं, असं म्हणून सोडू नका. मार्च २०२० आठवा. कुत्र्यामांजरांमुळं कोरोना पसरतो अशी अफवा उठली आणि आपल्या मोठ्या शहरांतून लोकांनी पाळलेली जनावरं रस्त्यावर सोडली. प्राणी कल्याण मंडळाला खुलासे काढावे लागले. अमेरिकेत २००५ च्या कतरिना वादळात उलटी तऱ्हा झाली. बचावाच्या बोटींत आणि निवाऱ्यांत जनावरांना घेत नव्हते, म्हणून पुष्कळ माणसं बुडत्या घरांतून हलायलाच तयार होईनात. पुढच्या वर्षी तिथं कायदा झाला, की आपत्तीच्या सरकारी योजनेत घरातल्या जनावरांची सोय धरलीच पाहिजे. लंडननंतर तब्बल सदुसष्ट वर्षांनी.

तर बाईंच्या दुसऱ्या प्रश्नाकडे. बाई आज समोर बसल्या आहेत, म्हणून जपून बोलतो. वेळ कधी येणारच नाही असं आम्ही म्हणत नाही. चौदा वर्षांचा कुत्रा आहे, येईल. त्या वेळी काय करायचं हे डॉक्टरांशी आधी बोलून ठेवा, कुठली लक्षणं दिसली की पुरे म्हणायचं ते लिहूनसुद्धा ठेवा. रात्री दोन वाजता कुणालाच नीट विचार करता येत नाही, तत्त्वज्ञानाच्या प्राध्यापकाला तर नाहीच. पण ‘काय करायचं’ हे ठरवून ठेवणं निराळं आणि ‘करून ठेवणं’ निराळं. तो जेवतो आहे, तुम्ही आलात की दाराशी येतो, असं तुम्हीच सांगितलंत. मग झोप कुणाला लागत नाही? त्याला लागते. झोपेचा उपाय हवा आहे तो तुम्हाला, आणि त्यासाठी भिंतीवर नंबर आणि ठरवून ठेवलेला गाडीवाला पुष्कळ आहे. आमच्या सोसायटीतला एक मुलगा रात्रपाळीची गाडी चालवतो, त्याला कुत्र्यांचं वावडं नाही. जाताना त्याचा नंबर घेऊन जा.

इलफर्डची गोष्ट राहिली. मारिया डिकिन यांनी १९४३ मध्ये युद्धात कामगिरी करणाऱ्या प्राण्यांसाठी एक पदक सुरू केलं. ब्यूटी आणि रिप या दोघांनाही ते १९४५ मध्ये मिळालं. दोघांनाही पी.डी.एस.ए.च्या इलफर्डच्या स्मशानभूमीत पुरलं आहे. नीट दगड आहेत, नावं कोरलेली आहेत, लोक बघायला जातात. १९३९ च्या सप्टेंबरात भरलेलं कुरण याच जागेतलं. तिथं नावं नाहीत.